प्राणवायूचें दान आणि पात्रापात्रविचार

दान कोणाला करावें, या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वजांनीं फार बारकाईनें केला आहे. देश, काल आणि पात्र हीं तीन पाहून केलेलें दान तें सात्त्विक, अशी भगवद्गीतेची व्यवस्था असून, पुढील धर्मशास्त्रकारांनीं त्यांतील ‘पात्र’ या तिसऱ्या शब्दाचा पुष्कळच विस्तार केला. त्याचा परिणाम असा झाला, कीं देण्यापूर्वीं घेणाऱ्याकडे नखशिखान्त पाहून घेणें हें आपल्या अंगवळणीं पडलें. भिकारी धडधाकट दिसला तर आपण हात आखडतों; उधळ्या भाच्याला फीचे पैसे देतांना चार शब्द सुनावतों. यांत सर्वस्वीं वावगें आहे असें नाहीं. परंतु ज्या दानावांचून समोरचें माणूस अर्ध्या घटकेंत मरणार आहे, त्या दानालाहि हा नियम लावावयाचा काय? श्वास ही वस्तु लायकी पाहून द्यावयाची काय?

हा प्रश्न मला ग्रंथांत भेटला नाहीं. रुग्णालयाच्या व्हरांड्यांत, रात्रीं दोनच्या सुमारास भेटला. आमच्या मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही सर्वजण अण्णा म्हणतों, ते देहानें फार स्थूल. वजन १३० किलोंच्या पुढें. जेवतां जेवतां त्यांचा डोळा लागे, वर्तमानपत्र हातांतून गळून पडे, आणि रात्रीं त्यांच्या घोरण्याचा आवाज मधूनच एकाएकीं थांबून पुन्हा गर्जनेसारखा उठे. घरांत या सर्वांची थट्टा होई, आणि त्या थट्टेंत मी पुढें असें. त्या रात्रीं मात्र हांका मारल्या तरी ते जागे होईनात. ओठ निळसर पडले होते. रुग्णालयांत त्यांना गाडींतून उतरवावयास चार माणसें लागलीं, आणि त्यांतील एकजण सहज म्हणाला, “खाऊन खाऊन ही दशा करून घ्यायची, आणि मग आमची धांवपळ!” मला अतिशय संताप आला. परंतु त्या संतापाच्या मुळाशीं लाज होती. कारण हेंच वाक्य, थोड्या सभ्य शब्दांत, मीं स्वतः दहा वर्षें लग्नकार्यांच्या पंगतींतून अण्णांना ऐकविलें होतें.

आंत गेल्यावर आणखी एक गोष्ट घडली. अण्णांच्या बोटाला लावलेलें यंत्र रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण शेंकडा ९० दाखवीत होतें. निरोगी माणसाचें तें ९५ च्या वर असतें, एवढें ज्ञान २०२० आणि २०२१ सालच्या साथीनें घरोघर पोंचविलें आहे. मीं डॉक्टरीणबाईंना वायु वाढविण्याची विनंति केली. त्या म्हणाल्या, “नव्वद पुरे आहे. जास्त दिला तर यांची गुंगी वाढेल, आणि मग ती उतरणार नाहीं.” मला तें पटलें नाहीं. व्हरांड्यांतील वाक्य कानांत घुमत होतें. स्थूल माणसाला येथें हवासुद्धां मोजून देतात, असा माझा ग्रह झाला. बाईंची पाठ वळतांच मीं भिंतीवरील चावीला हात घातला. परिचारिकेनें तो धरला नसता, तर प्रेमाच्या भरांत माझ्या हातून काय घडलें असतें, तें मला पुढें समजलें.

मनुष्याचा श्वास हा भात्यासारखा आहे. छातीखालचा पडदा खालीं सरकला, कीं फुप्फुसें उघडून हवा आंत येते. पोटावर आणि छातीवर मेदाचें ओझें असलें, कीं हा पडदा वर रेटला जातो, आणि माणूस उताणा निजला म्हणजे तर अधिकच दबतो. फुप्फुसांचा तळचा भाग मिटून राहतो. तेथें रक्त वाहतें, पण हवा पोंचत नाहीं. शिवाय झोंपेंत घसा मिटून श्वास वारंवार अडतो तें निराळेंच. शरीरांत साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठीं निरोगी माणसाचा मेंदु श्वासाला वेग देतो. परंतु वर्षानुवर्षें साचत आलेल्या या वायूची अशा रोग्याच्या मेंदूला संवय होऊन जाते, आणि तो वेळेवर हांक देईनासा होतो. धमनींतील रक्तांत या वायूचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरांच्या आसपास असावयाचा. तो जागेपणींसुद्धां ४५ च्या वर राहूं लागला, उंचीच्या मानानें वजन मोजणारा निर्देशांक ३० किंवा अधिक असला, आणि दुसरें कांहीं कारण सांपडलें नाहीं, म्हणजे त्या स्थितीला स्थूलताजन्य अल्पश्वसन म्हणतात. अशा दहा रोग्यांपैकीं सुमारें नऊ जणांना झोंपेंत श्वास अडण्याचाहि विकार असतो. साचलेला वायु स्वतःच गुंगी आणणारा आहे. त्यामुळें जो ताटावर डुलक्या घेतो, तो आळशी नसून आपल्याच श्वासानें गुंगलेला असतो.

या गुंगीला नांव मिळालें तें थट्टेंतूनच. चार्ल्स डिकन्सच्या, १८३६-३७ सालीं क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरींत, उभ्या उभ्या झोंपणारा एक लठ्ठ पोऱ्या आहे. अमेरिकेंत बर्वेल आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५६ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्या कादंबरीवरून त्याला ‘पिकविकी’ असें नांव दिलें. त्यांचा रोगी ५१ वर्षांचा, २६० पौंडांहून अधिक वजनाचा एक व्यावसायिक होता. आणि तो रुग्णालयांत आला, तो आठवड्याच्या पत्त्यांच्या बैठकींत तीन एक्के आणि दोन राजे हातीं आले असतां झोंप लागून डाव गमावल्यामुळें! आहार कमी करून वजन उतरविल्यावर त्याची प्रकृति सुधारली, हेंहि त्या निबंधांत आहे. या गोष्टीवर हंसूं येतें हें खरें. पण हंसणारानें क्षणभर थांबून पाहावें. क्षयाच्या खोकल्यावर साहित्यिकांनीं अश्रु ढाळले. या रोगाच्या डुलकीवर मात्र सगळे हंसले, आणि ती डुलकी हें एका प्राणघातक रोगाचें लक्षण आहे, हें शंभरांहून अधिक वर्षें फारच थोड्यांच्या ध्यानांत आलें. कादंबरीकाराचें निरीक्षण अचूक होतें. वाचणारांनीं त्याचा उपयोग केवळ करमणुकीपुरता केला.

आपल्याकडील वैद्यक याहून निराळें होतें काय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आठ निंदित पुरुषांचा एक अध्यायच आहे. अति उंच, अति ठेंगणा, अति केसाळ, केशहीन, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश, असे ते आठ. ‘निंदित’ हा शब्द आज कानाला टोंचतो. परंतु अध्याय पुढें वाचला, म्हणजे ही निंदा व्हरांड्यांतील निंदेहून वेगळी आहे हें दिसून येतें. स्थूलतेचीं कारणें मोजतांना चरक अति आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोंप हीं सांगतोच. पण त्यांच्याच पंक्तीला तो बीजस्वभावहि बसवितो, म्हणजे आईबापांकडून आलेली देहाची घडण. सुश्रुतानें तर स्थूल माणसाच्या लक्षणांत क्षुद्रश्वास, अति निद्रा आणि क्रथन, म्हणजे श्वास एकाएकीं अडणें, हीं तिन्ही एका ठिकाणीं नोंदविलीं आहेत.

बीजस्वभावाची साक्ष आधुनिक शास्त्रानें पुष्कळच वाढविली आहे. माणसामाणसांच्या देहभारांत जो फरक पडतो, त्यांत आनुवंशिकतेचा वांटा मोठा असल्याचें जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसून आलें. मेदांतून निघणारें लेप्टिन नांवाचें द्रव्य १९९४ सालीं सांपडलें. तें भुकेला आवर घालतें आणि श्वासालाहि चालना देतें. स्थूल माणसाच्या रक्तांत बहुधा तें मुबलक असतें, पण मेंदु त्याला पुरेशी दाद देत नाहीं. भूक लागल्याचें ज्याला कळतें, पण पोट भरल्याचा निरोप ज्याच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं, त्याला अधाशी म्हणणें हें बहिऱ्याला उद्धट म्हणण्यासारखें आहे.

आतां त्या भिंतीवरील चावीकडे वळूं. प्राणवायु हा अमृतासारखा, तो कितीहि दिला तरी भलेंच होणार, अशी आपली समजूत असते. पण फुप्फुसांच्या ज्या भागांत हवा पोंचत नाहीं, तेथील रक्तवाहिन्या आपोआप आकसतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळवितात. ही देहाची स्वतःची काटकसर आहे. प्राणवायूचा लोट सोडला, कीं त्या आकसलेल्या वाहिन्या सैल पडतात, रक्त पुन्हा कोंडलेल्या भागांतून वाहूं लागतें, आणि जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडावयाचा तो रक्तांतच राहतो. शिवाय श्वास घेण्याची मेंदूची निकडहि थोडी ओसरते. न्यूझीलंडमधील संशोधकांनीं याची परीक्षा करून २०११ सालीं ती प्रसिद्ध केली. प्रकृति स्थिर असलेल्या अशा २४ रोग्यांना त्यांनीं २० मिनिटें शुद्ध प्राणवायु दिला. साध्या हवेच्या मानानें कार्बन डायऑक्साइडचा दाब सरासरी ५ मिलिमीटरांनीं चढला, आणि तिघांच्या बाबतींत प्रयोग मध्येंच थांबवावा लागला. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीनें २००८ सालीं डॉक्टरांसाठीं जे नियम घालून दिले, त्यांत बहुतेक आजारी माणसांसाठीं ९४ ते ९८, पण ज्यांच्या रक्तांत हा वायु साचण्याचें भय आहे त्यांच्यासाठीं ८८ ते ९२, अशी मर्यादा सांगितली आहे ती याचमुळें. अण्णांचे ९० हे कंजूषपणाचे नव्हते; मापाचे होते. त्यांना अधिक वायु नको होता, अधिक श्वास हवा होता. आणि तो त्यांना मुखवट्यावाटें दाब देऊन फुप्फुसें उघडणाऱ्या यंत्रानें दिला. नाकावाटें सतत दाब देऊन झोंपेंतील घसा उघडा ठेवण्याची युक्ति सिडनी येथील कॉलिन सलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केली होती. अण्णांचें यंत्र त्याच घराण्यांतलें.

दुसऱ्या एका वायूची कथाहि येथें सांगण्यासारखी आहे. नायट्रिक ऑक्साइड हा वायु तसा घातक. मोटारींच्या धुरांत तो असतो, आणि आकाशांत वीज चमकली म्हणजे हवेंत तयार होतो. हंफ्री डेव्ही यानें ब्रिस्टल येथें तो श्वासावाटें घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हां त्याचें तोंड आणि घसा भाजून निघाला. १८०० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें तो अनुभव सांगितला आहे. हाच वायु आपल्या रक्तवाहिन्यांचें अस्तर अल्प प्रमाणांत स्वतः तयार करतें आणि वाहिन्यांना सैल ठेवतें, या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत तो नवजात अर्भकांच्या एका श्वसनविकारावर औषध म्हणून मान्य झाला. मात्रा, दहा लाख भागांत २० भाग. तो श्वासाबरोबर जातो, म्हणून जेथें हवा पोंचते तेथीलच वाहिन्या रुंदावतो, रक्ताला तिकडे वळवितो, आणि रक्तांत शिरतांच कांहीं क्षणांत निष्प्रभ होतो. फुप्फुसांचा तळ मिटलेल्या स्थूल रोग्याला याचा उपयोग होईल, ही आशा त्यामुळें साहजिक आहे; अतिदक्षता विभागांतून असा प्रयत्न होतोहि. बोटावरचा आंकडा त्यानें कांहीं काळ सुधारतो. पण फुप्फुसांच्या तीव्र विकारानें पछाडलेल्या प्रौढ रोग्यांवरील परीक्षांत त्यामुळें मृत्यु कमी झाल्याचें दिसलें नाहीं, आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका मात्र वाढलेला आढळला. आंकडा सुधारणें आणि माणूस सुधारणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. औषध तेंच आणि विष तेंच. भेद केवळ स्थळाचा, वेळेचा आणि घेणाऱ्या देहाचा. म्हणजे पुन्हा देश, काल आणि पात्रच!

‘पात्र’ या शब्दाचा मूळ अर्थ भांडें असा आहे. विहिरीवर दुसऱ्याला पाणी घालतांना आपण त्याच्या भांड्याचें तोंड पाहतों, खोली पाहतों, तें धड आहे कीं गळकें हें पाहतों, आणि त्या बेतानें धार धरतों. तें भांडें कोणाच्या हातून पडून पोचलें, याची चौकशी करीत नाहीं. डॉक्टरीणबाईंनीं अण्णांचें पात्र पाहिलें तें या अर्थानें. व्हरांड्यांतील माणसानें पाहिलें तें दुसऱ्या, लायकीच्या अर्थानें. आणि मीं? मीं पात्राकडे मुळींच पाहिलें नाहीं. प्रेम पुष्कळ असलें म्हणजे पाहण्याची जरूर नाहीं, असें मला वाटलें. माझें दान आंधळें होतें. त्या माणसाचा आखडता हात तर दानच नव्हता. आजाऱ्याला या दोघांचाहि उपयोग नाहीं.

येथें कोणी म्हणेल, साधनें मुबलक असतांना हें सर्व शोभतें. तुटवडा पडला म्हणजे काय करावयाचें? एप्रिल आणि मे २०२१ मध्यें प्राणवायूच्या नळकांड्यांसाठीं आपल्या शहरांतून लोकांनीं रात्रीं काढल्या, तेव्हां हा प्रश्न काल्पनिक राहिला नव्हता. यंत्र एक आणि रोगी दोन असले, तर निवड टळत नाहीं. त्या निवडींत ‘याचा उपयोग अधिक कोणाला होईल’ हा प्रश्न न्याय्य आहे. ‘हें कोणी ओढवून घेतलें’ हा न्याय्य नाहीं. धोका असा, कीं दुसरा प्रश्न पुष्कळदां पहिल्याचा वेष घेऊन येतो. ‘हा इतका लठ्ठ, हा कुठला वांचतो!’ हें वाक्य अनुभवी माणसाचें वाटतें. परंतु फुप्फुसांच्या तीव्र विकारांत अतिदक्षता विभागांत असलेल्या रोग्यांचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हां स्थूल रोग्यांत मृत्यूचें प्रमाण अधिक आढळलें नाहीं. उलट कमीच आढळलें. याचीं कारणें कांहींहि असोत. नुसता देह पाहून केलेल्या भाकितांत भाकीत किती आणि तिरस्कार किती, हें तपासून पाहण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

मग माणसाची जबाबदारी म्हणून कांहीं उरतच नाहीं काय? उरते, आणि ती मोठी आहे. बीजस्वभाव म्हणजे विधिलिखित नव्हे. वजन उतरल्यानें हा रोग हटतो हें १९५६ च्या त्या रोग्यानेंच दाखविलें. पण दोष मागें पाहतो आणि कर्तव्य पुढें पाहतें. अण्णा शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनीं त्यांची मुळींच गय केली नाहीं. “रात्रीं हें यंत्र लावायचें, आणि वजन उतरवायचें. त्याला वेळ लागेल; आम्ही मदत करूं,” असें त्यांनीं रोखठोक सांगितलें. तेंच बोलणें आदल्या रात्रीं व्हरांड्यांत ऐकावें लागतें, तर तें क्रौर्य झालें असतें. केल्या कर्माचें फळ भोगावें लागतें, असें मानणाऱ्या आपल्या समाजांतहि, तें फळ भोगणाऱ्या तहानलेल्याला पाणी नाकारण्याचा अधिकार शेजाऱ्याला कोणी दिलेला नाहीं. फळ देणारा निराळा, पाणी देणारा निराळा.

आणि हिशेबच मांडावयाचा तर तो सर्वांचा मांडावा लागेल. शिरस्त्राणावांचून दुचाकी पिटाळणारा तरुण, तंबाखूची पुडी कंबरेला लावून हिंडणारे आजोबा, मधुमेह असतांना आमरसाची तिसरी वाटी पुढें करणारे गृहस्थ, हे सर्व रुग्णालयांत येतात, आणि त्यांच्या खाटेपाशीं कोणी प्रवचन करीत नाहीं. स्थूल माणसाचा अपराध इतरांहून मोठा असतो असें नाहीं. तो झांकतां येत नाहीं, एवढेंच. इतरांचे दोष खिशांत असतात, त्याचा अंगावर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणें २०२२ सालीं जगांत दर आठ माणसांमागें एक स्थूलतेनें ग्रस्त होता. म्हणजे ही गोष्ट कोणा परक्याची नव्हे. प्रत्येक पंगतींत एखादे तरी अण्णा बसलेले आहेत.

आमचे अण्णा आतां रात्रीं मुखवटा लावून निजतात. घोरणें थांबलें आहे. यंत्राचा मंद आवाज तेवढा माजघरापर्यंत ऐकूं येतो. दुपारच्या डुलक्या गेल्या, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून होतें. वजन उतरत आहे, पण हळूहळू. परवां एका मुंजीच्या पंगतींत ते माझ्या शेजारीं बसले होते, आणि वाढपी जिलबीचें ताट घेऊन आला. भोंवतालच्या चार तोंडांवर ओळखीचें हंसूं उमटलें. त्यांना मीं चार खडे बोल सुनावले, असें येथें लिहिण्याचा मोह होतो. पण खरें तें असें, कीं दहा वर्षांच्या संवयीनें तें जुनें वाक्य माझ्याच जिभेवर आलें होतें, आणि मला तें गिळावें लागलें. अण्णांनीं पानावर हात आडवा धरला. वाढपी पुढें गेला.